लॅपटॉपला वेगवान एसएसडी बसते का? पैसे टाकण्याआधी हे तपासा

पोखर्णी (ता. परभणी) : पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग, आणि लॅपटॉप नुसता चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतोय. गावोगावच्या सेवा केंद्रांत हे चित्र नवं नाही. पोरांच्या ऑनलाइन फॉर्मचीही तीच गत. अशा वेळी कोणी ना कोणी सांगतं, "एसएसडी टाका, मशीन पळतंय बघा." सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. एसएसडी एका प्रकारची नसते आणि प्रत्येक लॅपटॉपला प्रत्येक एसएसडी बसत नाही. न पाहता मागवली तर ती परत पाठवायची कटकट, परभणी-गंगाखेडच्या चकरा आणि तोवर काम बंद. नांगर घेताना आपल्या ट्रॅक्टरला तो जोडतो का, हे आपण आधी बघतो. इथंही तसंच करायचं.

आधी प्रकार ओळखा

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असते. तिचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबीच्या आसपास असतो. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीचे मुख्य प्रकार असे :

१) अडीच इंची साटा एसएसडी : जुन्या हार्ड डिस्कच्याच आकाराची. वेग जास्तीत जास्त ५५० एमबीपर्यंत. जुनी डिस्क काढली की त्याच जागी बसते.

२) एम डॉट टू साटा एसएसडी : दिसायला रॅमसारखी लांबट पट्टी, पण वेग वरच्याएवढाच.

३) एम डॉट टू एनव्हीएमई एसएसडी : हीसुद्धा पट्टीच, पण पीसीआयई या वेगळ्या वाटेनं चालते. तिसऱ्या पिढीची चार लेनवर साधारण ३,५०० एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७,००० एमबीपर्यंत.

खरी फसगत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होते. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या. 'एम डॉट टू' हे फक्त आकाराचं आणि खाचेचं नाव आहे, वेगाचं नाही. "माझ्या लॅपटॉपला एम डॉट टू आहे" एवढ्यावर खरेदी करू नका.

न उघडता काय कळतं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये 'डिस्क'वर जा. अलीकडच्या विंडोजमध्ये तिथंच हार्ड डिस्क आहे की एसएसडी ते लिहिलेलं असतं. काम अडकलेलं असताना डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर असेल तर दुखणं डिस्कचं आहे. डिस्क शांत आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर एसएसडीच्या आधी रॅम वाढवायला लागेल.

लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी असेल तर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. त्यात 'ट्रान्सफर मोड'समोर दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे आत्ता ती ज्या वेगावर चालतेय तो, दुसरा म्हणजे तिची स्वतःची ताकद. 'पीसीआयई ३.०' आणि पुढं 'पीसीआयई ४.०' असं दिसलं, तर एसएसडी चौथ्या पिढीची आहे पण लॅपटॉप तिसऱ्या पिढीचाच वेग देतोय. मोटार मोठी बसवली अन् पाइप दोन इंचीच ठेवला, तर पाणी पाइपाएवढंच येणार. अशा लॅपटॉपला आणखी महागडी एसएसडी घेऊन काही उपयोग नाही.

मॉडेल नंबरवरून खात्री

पक्कं उत्तर मिळतं ते मॉडेल नंबरवरून. लॅपटॉपच्या पाठीवर पाहा. डेलवर 'सर्व्हिस टॅग' असतो, एचपीवर 'प्रॉडक्ट नंबर', लेनोव्होवर 'मशीन टाइप'. स्टिकर पुसलं असेल तर विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाका, तिथं मॉडेल लिहिलेलं असतं. मग कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. लेनोव्होची सगळी माहिती 'पीएसआरईएफ' या त्यांच्याच साइटवर मिळते. मॅन्युअलमध्ये 'स्टोरेज' या भागात चार गोष्टी शोधा :

- एम डॉट टूची खाच आहे का, आणि किती?
- ती साटा चालवते, एनव्हीएमई चालवते, की दोन्ही?
- पीसीआयईची पिढी कोणती आणि लेन दोन की चार? तिसऱ्या पिढीच्या दोन लेनवर वेग निम्म्यावर येतो.
- लांबी किती? २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपला फक्त २२४२ किंवा २२३० बसते.

एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार बाजारात असतात. शेजाऱ्याच्या तशाच लॅपटॉपला बसली म्हणून आपल्याला बसेलच असं नाही. काही स्वस्त मॉडेलमध्ये ईएमएमसी नावाची साठवण थेट बोर्डावरच डागलेली असते, ती बदलता येत नाही. काहींमध्ये अडीच इंची डिस्कच्या जागेवर मोठी बॅटरी बसवलेली असते.

उघडल्यावर काय बघायचं?

वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. उघडायचं ठरलं तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि आतली बॅटरीची पिनही सोडवा. मगच हात घाला.

पट्टीच्या सोनेरी टोकाला एकच काप असेल तर ती बहुतेक एनव्हीएमई. दोन काप असतील तर बहुतेक साटा. पण दोन काप असलेल्या थोड्या एनव्हीएमईही निघाल्या आहेत, म्हणून लेबल वाचाच. शिवाय खाचेत पट्टी बसली म्हणजे ती चालेलच असं नाही. दोन कापांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या खाचेतही आरामात शिरते, पण बोर्डाकडून साटाची जोडणी नसेल तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. वायफाय कार्डाची खाचही एम डॉट टूच असते. ती एसएसडीची समजू नका.

रिकामी खाच दिसली तर पट्टी दाबून धरणारा स्क्रू आहे का ते पाहा. बऱ्याच वेळा तो नसतो. अडीच इंचीसाठी जाडीही बघा. एसएसडी सहसा ७ मिलिमीटरची असते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी सैल बसते, फ्रेम लावावी लागते.

बसली, पण चालू होईल का?

एनव्हीएमईवरून विंडोज चालू करायला लॅपटॉपच्या बायोसची साथ लागते. खूप जुन्या लॅपटॉपमध्ये ती सोय नसते. एनव्हीएमई दिसते, फाइली ठेवता येतात, पण तिच्यावरून मशीन उठत नाही. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' बघा. 'यूईएफआय' असेल तर रस्ता मोकळा व्हायची शक्यता जास्त. 'लेगसी' असेल तर बदलण्याआधी जाणकाराला दाखवा. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये नव्यानं विंडोज टाकताना एसएसडी दिसली नाही तर लगेच खराब समजू नका. पुष्कळदा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हमधून द्यावा लागतो.

वेगाचा फायदा किती?

हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी टाकली तरी फरक डोळ्यांना दिसतो. मशीन मिनिटांऐवजी सेकंदांत चालू होतं. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर मात्र सातबारा काढणं, फॉर्म भरणं, पीडीएफ चढवणं या कामांत तेवढा फरक जाणवत नाही. तिथं वाट बघायला लावतं ते नेट आणि सरकारी साइटचा सर्व्हर, आणि त्याला कुठलीच एसएसडी वेग देत नाही. व्हिडिओ एडिटिंग, ड्रोनच्या मोठ्या फाइली, जड सॉफ्टवेअर असं काम असेल तर एनव्हीएमईचे पैसे वसूल होतात.

आणखी एक हिशोब करा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉप त्यात बसत नसेल तर त्याच्यावर महागडी एसएसडी घालण्यापेक्षा साधी साटा घालून काम भागवणं शहाणपणाचं.

बदलण्याआधी एवढं करा

- सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ग्राहकांची कागदपत्रं असतील तर हे टाळूच नका.
- 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर डेटा कायमचा अडकू शकतो.
- अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यांची यादी करा. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली तर हे पुन्हा टाकायची वेळ सहसा येत नाही.
- क्लोन करताना किंवा बायोस अपडेट करताना बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. मध्येच लाइट गेली अन् बॅटरीही बसली तर बायोस अपडेटमध्ये बोर्ड निकामी होऊ शकतो.
- फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.
- जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर आधी डेटा पूर्ण पुसा, कारण त्यात लोकांचे आधार आणि पासबुक असतात.

दुकानात गेल्यावर नुसतं "एसएसडी द्या" म्हणू नका. मॉडेल नंबर, खाचेचा प्रकार, लांबी आणि पिढी या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. "नाही बसली तर परत घेणार का?" हे बिल करण्याआधी विचारा आणि बिलावर तसं लिहूनही घ्या.