चित्रसंकलनाचें यंत्र : निवडीचा मागोवा

१९१२ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईचे एक गृहस्थ बोटीनें लंडनला निघाले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनीं प्रवासाचे पैसे उभे केले होते. तेथें ओळखीचें कोणी नव्हतें. ‘बायोस्कोप’ नांवाच्या साप्ताहिकाच्या कचेरींत जाऊन त्यांनीं संपादक कॅबोर्न यांची गांठ घेतली. कॅबोर्न यांनीं प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. पण पाहुण्याचा निश्चय पाहून त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रनिर्मात्याच्या कारखान्यांत पाठविलें. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, हें आपण ओळखलेंच असेल. पुढील वर्षीं, ३ मे १९१३ रोजीं, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकला, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मला आज त्यांच्या खरेदीच्या यादीविषयीं बोलावयाचें आहे.

ती यादी अगदीं आटोपशीर होती. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म, फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्र, आणि प्रती छापण्याचें साधन. भोकें पाडण्याचें यंत्र कशाला, असें कोणी विचारील. त्यांना मिळणारी कोरी फिल्म सपाट कडांची होती, आणि भोकें असल्याखेरीज ती ना कॅमेऱ्याच्या दातांत बसे, ना प्रक्षेपकाच्या. कॅमेरा कितीही उंची घेतला असता तरी या एका वस्तूवांचून सारें काम अडलें असतें. एप्रिलमध्यें परत आल्यावर फाळक्यांनीं एकदम मोठ्या चित्रपटास हात घातला नाहीं. कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, आणि त्याला अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत थोड्याथोड्या अवधीनें एकेक चित्र घेतलें. घेतलेलें प्रत्येक साधन आपलें काम नीट करतें कीं नाहीं, याची ही परीक्षा होती, आणि भांडवल देणाऱ्यांना दाखविण्यास एक नमुनाही तयार झाला. रात्रीं अंधारांत बसून फिल्मला भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई करीत. दागिनेही त्यांचेच गहाण पडले.

आज छायाचित्रें सुधारण्यासाठीं वा चित्रफितींचें संकलन करण्यासाठीं संगणकाचे भाग निवडूं जाणाऱ्या तरुणास मी हीच गोष्ट प्रथम सांगतों. त्याला बाजारांतील सर्वांत उत्तम भाग कोणता हें विचारावयाचें असतें. खरा प्रश्न वेगळा आहे. आपलें काम कोठें अडतें, हा तो प्रश्न. आणि चित्रसंकलनाचा इतिहास पाहिला तर काम अडण्याची ही जागा दर दहा-पंधरा वर्षांनीं बदलत आलेली दिसते.

प्रारंभीं ती माणसाच्या डोळ्यांत होती. संकलक फिल्म दिव्यासमोर धरी, चित्र अदमासानें ओळखी आणि कात्री चालवी. हालचाल दिसे ती पडद्यावरच. आयवन सेरुरिये या हॉलंडमध्यें जन्मलेल्या गृहस्थानें अमेरिकेंत घरगुती करमणुकीसाठीं एक लहान चित्रयंत्र बनविलें होतें. त्याची किंमत इतकी होती कीं घरांत तें फारसें कोणी नेलें नाहीं. १९२४ सालीं तेंच यंत्र थोडें बदलून डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओंत संकलनाच्या मेजावर गेलें, आणि ‘मूव्हिओला’ या नांवानें पुढें कित्येक दशकें जगभर चाललें. दिवाणखान्यांत फसलेलें यंत्र कारखान्यांत उपयोगी पडलें, याची मला मोठी मौज वाटते.

त्या काळची एक रीत ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे. मूळ निगेटिव्हला संकलक हात लावीत नसे. तिची एक साधी प्रत छापून घेत. तिच्यावर ओरखडे पडले तरी चालत. सारी कापाकापी तिच्यावर होई. शेवटीं कडेचे आकडे जुळवून मूळ निगेटिव्ह एकदाच कापीत.

संगणकाच्या क्षेत्रांत चित्राचें पहिलें पाऊल १९५७ सालीं पडलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल किर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें पांच सेंटिमीटर चौरस छायाचित्र यंत्रांत घातलें. त्यांत आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपके. आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा नाहीं तर पांढरा. त्या यंत्राची स्मृति आजच्या मानानें चिमूटभर होती, आणि चित्राला तिच्यांत मावावयाचें होतें. पुढें १९७१ सालीं सी.बी.एस. व मेमोरेक्स या कंपन्यांनीं मिळून ‘सी.एम.एक्स. ६००’ नांवाचें संकलनयंत्र काढलें. किंमत अडीच लाख डॉलर. कपाटाएवढ्या तबकड्यांच्या यंत्रांवर सुमारें अर्धा तास चित्र मावे, तेंही काळेंपांढरें आणि अस्पष्ट. पण कोणतेंही दृश्य क्षणांत समोर आणतां येई. फीत गुंडाळीत बसावें लागत नसे. येथें अडलें तें साठवणीपाशीं. त्या अस्पष्ट चित्रावर निर्णय घेऊन, कापण्याच्या जागांची यादी काढून, मग मूळ फितीवर काम करावें लागे. जुनीच रीत नव्या वेषांत आली होती.

छायाचित्रांची वाट वेगळी. थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठांत संशोधन करणारा विद्यार्थी. वडिलांनीं घरींच अंधारखोली केलेली, त्यामुळें छायाचित्रांचा धडा लहानपणींच मिळाला होता. १९८७ सालीं त्याच्यापाशीं जो मॅकिंटॉश होता त्याच्या पडद्यावर करडा रंग उमटत नसे, फक्त काळा व पांढरा. ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून करड्याचा भास उत्पन्न करणारी एक आज्ञावली त्यानें स्वतःपुरती लिहिली. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील चमत्कृतींच्या कारखान्यांत नोकरीस होता. त्यानें हिचें मोल ओळखलें. १९९० च्या फेब्रुवारींत अडोबी कंपनीनें ती ‘फोटोशॉप’ या नांवानें विक्रीस आणली. स्मृति पुरेनाशी झाली कीं ही आज्ञावली तबकडीवरील मोकळी जागा पाटीसारखी वापरीत असे, आणि अजूनही वापरते. ती वेळ आली कीं काम मंदावलेंच. म्हणून छायाचित्रकारानें पहिला जादा रुपया रॅमवर खर्चावा. साध्या कामास १६ गिगाबाइट, मोठ्या कॅमेऱ्याच्या अनेकपदरी चित्रांस ३२ वा अधिक, असा आजचा हिशेब आहे. अति महाग ग्राफिक्स कार्डाची त्याला सहसा गरज नसते.

चलच्चित्रांच्या संकलनासाठीं मॅकिंटॉशवर चालणारें ‘अ‍ॅव्हिड’ १९८९ सालीं आलें. वॉल्टर मर्च यांनीं ‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६ चा चित्रपट त्यावर पुरा केला आणि संकलनाचें ऑस्कर मिळविलें; संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटास तें प्रथमच मिळत होतें. २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ त्यांनीं दुकानांत कोणासही मिळणाऱ्या मॅकवर, ‘फायनल कट प्रो’ घेऊन केला. अडीच लाख डॉलरांचें काम मेजावर आलें होतें.

आतां थोडा हिशेब करूं. जन्मभर मुलांकडून त्रैराशिक करून घेतलें, तेव्हां ही संवय सुटत नाहीं. आज ज्याला ‘फोर के’ म्हणतात त्या चित्रांत आडवे ३,८४० व उभे २,१६० ठिपके असतात, एकंदर ८२,९४,४००. प्रत्येकास तीन रंगांचे तीन बाइट धरले तर एका चित्रास सुमारें २५ मेगाबाइट. सेकंदास २५ चित्रें, म्हणजे ६२२ मेगाबाइट. मिनिटास ३७ गिगाबाइटांहून अधिक. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदास दीडशें ते दोनशें, फार तर अडीचशें मेगाबाइट देते. मग हें चालतें कसें? चित्र दाबून, घडी घालून ठेवतात म्हणून. २००३ सालीं ठरलेल्या एच.२६४ व २०१३ सालच्या एच.२६५ या पद्धतींत काहींच चित्रें पुरीं लिहिलेलीं असतात. बाकीच्यांत शेजारच्या चित्राहून काय बदललें तेवढेंच असतें. जागा वांचते खरी, पण मधलें एक चित्र पाहावयाचें झालें तरी आजूबाजूचीं उलगडावीं लागतात. साठवणीवरचा भार अशा रीतीनें प्रोसेसरच्या माथीं आला.

त्यावर तोड म्हणून इंटेलनें २०११ पासून प्रोसेसरच्या अंगभूत चित्रविभागांत उलगडण्याचें खास साधन ठळकपणें पुढें आणलें. त्याचें नांव ‘क्विक सिंक’. दुसरीकडे, खेळांसाठीं वाढलेलीं ग्राफिक्स कार्डें एनव्हिडियाच्या ‘कूडा’मुळें २००७ पासून इतर गणितासही जुंपतां येऊं लागलीं, आणि २०१० च्या ‘प्रीमियर’नें त्यांचा उपयोग करून घेतला. रंग सुधारणारी ‘दा विंची’ प्रणाली पूर्वीं लाखों डॉलरांची असे. २००९ सालीं ब्लॅकमॅजिक कंपनीनें ती विकत घेतली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिची संगणकावरील आवृत्ति ९९५ डॉलरांस आणली. ती ग्राफिक्स कार्डावर फार विसंबते. कार्डांचा बोलबाला झाला तो असा. आणि तेव्हांपासून दुकानदार कार्डाचेंच नांव आधीं घेऊं लागले.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नसमारंभांचीं छायाचित्रें व चित्रफिती करतो. त्याच्या आईनें पाटल्या गहाण ठेवून त्याला यंत्रासाठीं पैसे दिले. दुकानदारानें निम्म्याहून अधिक रक्कम एका भारी ग्राफिक्स कार्डावर खर्ची घातली. आठवड्यानंतर मुलगा माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. “गुरुजी, चित्र दोन पावलें चालतें आणि थबकतें. गिऱ्हाईक दाराशीं आहे.” मला संगणकाचें शास्त्र येतें असें नाहीं, पण काम कोठें अडतें तें पाहणें येतें. त्याच्या घरीं गेलों आणि काम चालूं असतांना ‘टास्क मॅनेजर’ उघडावयास सांगितलें. हें साधन प्रत्येक विंडोज यंत्रांत फुकट असतें. त्यांत दिसलें कीं रॅम ८ गिगाबाइट, ती तुडुंब, हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली, प्रोसेसरही शंभरापाशीं, आणि ज्यावर पाटल्या गेल्या तें कार्ड जवळजवळ स्वस्थ बसलेलें.

कारण शोधण्यास दोन संध्याकाळ गेल्या. त्याचा कॅमेरा एच.२६५ मध्यें, रंगांची माहिती अधिक राखणाऱ्या ४:२:२, १० बिट अशा पद्धतीनें चित्र लिहीत होता. एनव्हिडियाच्या कार्डांना ही पद्धत स्वतः उलगडतां येऊं लागली ती २०२५ च्या ५० मालिकेपासून; याचें कार्ड त्याआधींचें. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत चित्रविभागास ती येते, आणि त्याचा प्रोसेसर त्यापुढील पिढीचाच होता. पण त्याच्या नांवापुढें ‘एफ’ हें अक्षर होतें. त्या अक्षराचा अर्थ असा कीं अंगभूत चित्रविभाग यांत नाहीं. थोडे रुपये वांचविण्यासाठीं दुकानदारानें तोच घातला होता.

त्या रात्रीं एक पैही न खर्चितां काम मार्गीं लागलें, तें मूव्हिओलाच्या काळच्या रीतीनें. सर्व फितींच्या हलक्या प्रती करून घेतल्या. यांना आज ‘प्रॉक्सी’ म्हणतात. त्या तयार होण्यास रात्र लागली, पण सकाळीं कात्री बिनतक्रार चालूं लागली. शेवटीं यंत्रानें मूळ फितींशीं जुळवणी आपोआप केली. पुढें त्यानें रॅम ३२ गिगाबाइट केली, हातचें काम ठेवण्यास एक एन.व्ही.एम.ई. जातीची एस.एस.डी. घेतली, आणि जुनी हार्ड डिस्क पुऱ्या झालेल्या कामांच्या संग्रहासाठीं ठेवली. याशिवाय दुसरी एक प्रत घराबाहेर ठेवावयास मीं बजावलें आहे. लग्न पुन्हां लागत नाहीं. ‘एफ’ नसलेला प्रोसेसर त्याच पाटावर बसतो. पण तो बदल त्यानें लग्नसराईनंतर करावयाचें ठरविलें आहे.

राहिला पडदा. त्याची निवड लोक सर्वांत शेवटीं, उरल्या पैशांत करतात. रंगांचा एक सामाईक दंडक, ‘एस.आर.जी.बी.’, १९९६ सालीं एच.पी. व मायक्रोसॉफ्ट यांनीं पुढें मांडला. निदान तो पुरा दाखवील असा आय.पी.एस. जातीचा पडदा घ्यावा, आणि रंग मोजणाऱ्या उपकरणानें तो अधूनमधून जुळवून घ्यावा. या मुलाच्या पडद्यावर जांभळी पैठणी निळी दिसे. त्यानें ती ‘सुधारली’ आणि छापील अल्बम परत आला. तो अल्बम त्यानें पदरमोड करून पुन्हां छापून दिला. पाटल्या अजून बँकेंत आहेत. मार्गशीर्षांतील चार कामांचे पैसे आले कीं पहिल्यानें त्या सोडवूं, असें तो परवां सांगत होता.