कापसाचा बाजार आणि राज्यसंस्थेची माघार

२४ जुलै १९९१ रोजी भारत सरकारने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले व त्याच दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. उदारीकरण, खाजगीकरण व जागतिकीकरण या शब्दांची चर्चा तेव्हापासून बहुधा शहरांच्या व कारखान्यांच्या अनुषंगाने झाली. परंतु जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात, वाटूरसारख्या काळ्या मातीच्या गावांत, या धोरणाचा खरा अर्थ कापसाच्या इतिहासातून उलगडतो.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी एका दस्तऐवजाचे स्मरण आवश्यक आहे. मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी निवेदन सिद्ध केले. मूलभूत उद्योग व विमा राज्याच्या हाती असावेत, शेती हा राज्याचा उद्योग असावा, आणि पाणी, अवजारे, खते व बियाणे पुरविण्याचे दायित्व राज्याने स्वीकारावे, अशी त्यात मांडणी होती. राज्य बाजूला सरले म्हणजे सर्वांना स्वातंत्र्य मिळते, हा समज बाबासाहेबांनी नाकारला. ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढविण्याचे व मालकाला मजुरी घटविण्याचे ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच ही व्यवस्था संविधानातच अंतर्भूत असावी, बदलत्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

महाराष्ट्रात पुढे जे संरक्षण मिळाले, ते साध्या कायद्याने मिळाले. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकावा, त्याला हमी भाव मिळावा व नफा झाल्यास अधिक रक्कम मिळावी, अशी तिची रचना होती. योजना निर्दोष नव्हती. चुकारे रखडत, प्रतवारीत अन्याय होई, शेजारच्या राज्यांत भाव चढले की कापूस सीमेपलीकडे जाई, आणि तोटा साचत गेला. तरीही लहान शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात एकटे उभे राहावे लागत नव्हते.

२००२ साली दोन घटना घडल्या. जागतिक भाव नीचांकाला पोहोचले असताना राज्याने खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मुभा दिली व एकाधिकार संपला. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाच्या संकरित बियाण्याला केंद्राची मान्यता मिळाली. तंत्रज्ञान अमेरिकेतील मोन्सँटोचे, तर बियाणे जालन्याच्या महिकोचे. संकरित बी घरी राखून ठेवता येत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. अशा रीतीने पेरणी व विक्री या दोन्ही टोकांना शेतकरी बाजाराच्या स्वाधीन झाला.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबे गायरान कसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नावर होते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला बँकेचे पीककर्ज मिळत नाही. तो बियाणे-खतांच्या दुकानदाराकडून उधारीवर माल घेतो आणि बहुधा त्यालाच कापूस विकतो. बाजार मोकळा झाला, पण या शेतकऱ्याला निवड करण्याची मोकळीक मिळाली नाही.

पुढील घटनाक्रमही बोधप्रद आहे. सोळाशे रुपयांच्या वर गेलेली ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाची किंमत २००६ साली साडेसातशेवर आली, ती स्पर्धेमुळे नव्हे. आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली म्हणून ती आली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रालाही कापूस बियाण्याच्या किंमतीवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील पीक उद्ध्वस्त केले, तेव्हा भरपाईची मागणी शासनाकडेच झाली.

यावरून निष्कर्ष स्पष्ट होतो. राज्यसंस्था माघार घेते तेव्हा तिची गरज संपलेली नसते; संपते ते केवळ तिचे उत्तरदायित्व. एका कायद्याने दिलेले दुसऱ्या निर्णयाने काढून घेता येते, आणि ज्याच्याजवळ जमीन, पत व प्रतिष्ठा यांपैकी काहीच नाही, त्याचे त्यात सर्वाधिक नुकसान होते. १९४७ च्या निवेदनातील आग्रह याच धोक्याविषयी होता. कापूस वेचणाऱ्या हातांना आर्थिक लोकशाही हक्क म्हणून मिळावी की सवलत म्हणून, हा त्या निवेदनाचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.