१४. आकाशाची खरखर

तंजावूरच्या एका वाड्यातल्या रेडिओची खरखर मूळ मजकुराचे लेखक आकाशगंगेची मानतात. मध्यम लहरींवरचा तो आवाज बहुधा विजांचा असावा. आकाशगंगेच्या इतक्या लांब लहरी आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) ओलांडून खाली येतच नाहीत. तिचा खरा गोंगाट अभियंते कार्ल जान्स्की यांनी २०.५ मेगाहर्ट्झवर टिपला आणि १९३३ साली जाहीर केला. वारंवारता वाढते तसा तो झपाट्याने ओसरतो, म्हणूनही दूरची याने बहुधा ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. यानाचा वेग काढतात तो त्याच्या लहरीची वारंवारता किती सरकली यावरून. लहर गोंगाटात बुडाली की हे सरकणे धड मोजता येत नाही. बराच वेळ मोजून सरासरी काढावी, तर उतरणाऱ्या यानाचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो. तरीही १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या ‘शियापारेल्ली’ यानाचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण संदेश नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून पकडला. हवाई छत्री उघडल्याची खूणही त्यात उमटली. टेकण्याच्या ठरलेल्या वेळेच्या जरा आधी संदेश तुटला. यान आदळले होते.