पहिली तीन वर्षं कुणाची?

आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं. मूल आठ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘अम्मी’ म्हणत नाही. आई घाबरते. मग कुणीतरी वडीलधारी बाई तिची समजूत घालते, “सबर कर गे, इसका बाप भी देर से बोल्या था.” या बोलण्यात माया असते आणि बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण नेहमीच नाही.

माझ्या खालाच्या नातवाच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही. घरचे म्हणाले थांबा, दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले थांबून बघू. पोरगा चार वर्षांचा झाला तेव्हा कळलं, त्याच्या कानापर्यंत आवाजच नीट पोहोचत नव्हता. मशीन मिळालं, पण शब्द शिकण्याचं कोवळं वय निघून गेलं होतं. ती चार वर्षं कुणाच्या खात्यात लिहायची? आईच्या, डॉक्टरांच्या, नशिबाच्या की सरकारच्या?

हाच प्रश्न अमेरिकेत जवळपास ५० वर्षं रेंगाळला आणि शेवटी त्याचा कायदा झाला. तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. त्याची सुरुवात संसदेत झाली नाही, एका अनाथालयात झाली.

१९३० च्या दशकातली ही गोष्ट. महामंदीचा काळ. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरातलं सरकारी अनाथालय मुलांनी ओसंडून वाहत होतं. तान्ही मुलं पाळण्यात पडून असत. पाळण्याच्या बाजू कापडाने झाकलेल्या, खेळणी नाहीत, उचलून घेणारं कुणी नाही. दूध मिळायचं, कपडे बदलले जायचे, एवढंच. हॅरॉल्ड स्कील्स हे तिथे मानसशास्त्रज्ञ होते. १३ आणि १६ महिन्यांच्या दोन मुली त्यांच्यासमोर आल्या. अंगाने खुरटलेल्या, नजर हरवलेली. बुद्ध्यांक मोजला तर एकीचा ४६, दुसरीचा ३५. दत्तक द्यायच्या लायकीच्या नाहीत, असा शिक्का बसला आणि त्यांची रवानगी बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या बायकांच्या संस्थेत झाली.

सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले तेव्हा दोन हसऱ्या, धावणाऱ्या पोरी त्यांना दिसल्या. पुन्हा चाचणी घेतली. बुद्ध्यांक ७७ आणि ८७. औषध काहीच दिलेलं नव्हतं. त्या वॉर्डातल्या बायकांनी या मुलींना जीव लावला होता. कडेवर घेतलं, बोलल्या, खेळवलं. ज्या बायकांना समाजाने ‘बिनकामाच्या’ म्हणून कोंडून ठेवलं होतं, त्यांनी ते काम केलं जे सरकारी अनाथालयाला जमलं नव्हतं.

स्कील्स यांनी मग आणखी मुलं तशीच पाठवली. कागदोपत्री ती त्या संस्थांची ‘पाहुणी’ होती. अशी एकूण १३ मुलं झाली. त्यांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे २८ अंकांनी वाढला. अनाथालयातच राहिलेल्या दुसऱ्या १२ मुलांची सरासरी सुरुवातीला चांगली, म्हणजे ८७ च्या आसपास होती. ती सुमारे २६ अंकांनी घसरली.

हे निष्कर्ष १९३९ मध्ये छापून आले आणि टीकेचा भडिमार झाला. बुद्धी जन्मजात असते, रक्तातून येते, ती बदलत नाही, हा त्या काळच्या विद्वानांचा पक्का समज. याच समजावर अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे उभे होते. आयोवाच्या आकडेवारीची पिसं काढण्यात आली. पुढे महायुद्ध आलं, स्कील्स लष्करी सेवेत गेले आणि हा विषय मागे पडला.

जवळपास २० वर्षांनी ते त्या मुलांच्या शोधाला निघाले. सगळी सापडली. १९६६ साली त्यांनी जे छापलं ते वाचताना आजही पोटात कालवतं. ‘पाहुणी’ म्हणून गेलेली सगळी १३ मुलं आपल्या पायावर उभी होती किंवा संसार करत होती. त्यांतल्या ११ जणांना दत्तक घरं मिळाली होती. मागे राहिलेल्या १२ पैकी एकाचा संस्थेतच मृत्यू झाला होता, काही जण अजून संस्थांतच होते. पहिल्या गटाचं शिक्षण साधारण बारावीपर्यंत झालेलं, दुसऱ्या गटाचं तिसरीपर्यंतही नाही.

या दुसऱ्या गटात एक अपवाद होता. एका मुलाला कमी ऐकू येत होतं. त्यामुळे त्याच्याकडे वेगळं लक्ष दिलं गेलं आणि तो कर्णबधिरांच्या निवासी शाळेत पोहोचला. पुढे तो छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर झाला, घर बांधलं, चार मुलांचा बाप झाला. त्याचं व्यंग कुणाच्या तरी नजरेला पडलं म्हणून तो वाचला. बाकीचे ११ जण कुणाच्या नजरेलाच पडले नाहीत. हे वाचताना मला आमच्या घरातला पोरगा आठवतो.

पण संशोधन छापून आल्याने कायदे होत नाहीत. त्यासाठी आई-बापांना रस्त्यावर आणि कोर्टात यावं लागतं. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेला, म्हणजे जर्मन गोवराची मोठी साथ आली. गर्भात संसर्ग झालेली सुमारे २० हजार मुलं जन्मली, त्यांतली हजारो बहिरी, काही आंधळी. इतक्या कुटुंबांवर एकदम वेळ आल्यावर ‘नशीब’ हे उत्तर पुरेनासं झालं. १९६५ मध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ सुरू झालं. १९६८ मध्ये अपंग बालकांसाठी लवकर मदतीचे नमुना प्रकल्प उभारायला केंद्राने पैसा दिला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या पालकांची संघटना कोर्टात गेली आणि कोणत्याही मुलाला ‘शिकण्याच्या लायकीचं नाही’ म्हणून शाळेबाहेर ठेवता येणार नाही, हे तिने मान्य करून घेतलं.

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्व अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही झाली. त्यात एक मोलाची अट होती. अशी मुलं शोधून काढण्याची जबाबदारी राज्याची. आईने दार ठोठावायची वाट बघायची नाही, सरकारने तिच्या दारी जायचं. मात्र हा हक्क तीन वर्षांनंतरचा होता. पहिली तीन वर्षं अजून कुणाचीच नव्हती.

ती उणीव भरून निघायला आणखी ११ वर्षं गेली. कनेक्टिकटचे सिनेटर लोवेल वायकर यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता. घरातला हा अनुभव घेऊन ते संसदेत झगडले. ८ ऑक्टोबर १९८६ रोजी रेगन यांनी सही केली आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी सरकारी खर्चाच्या सेवांची व्यवस्था कायद्यात आली. राज्यांवर सक्ती नव्हती, पण केंद्राचा पैसा हवा तर अटी पाळा असा रोकडा व्यवहार होता. १९९४ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली.

या कायद्यातल्या काही गोष्टी आपण नीट पाहायला हव्यात. तपासणी फुकट. बाळाचं नाव आलं की ४५ दिवसांत तपासणी आणि कुटुंबासोबत बैठक. तिथे तयार होणारा आराखडा एकट्या बाळाचा नसतो, कुटुंबाचा असतो. आईला काय हवं, घरात काय अडचण आहे, हे त्यात लिहिलं जातं आणि तिच्या संमतीशिवाय तो लागू होत नाही. सेवा शक्यतो घरीच. थेरपिस्ट येतो आणि जेवताना, आंघोळ घालताना, खेळवताना काय करायचं ते घरच्यांना शिकवतो. आयोवाच्या त्या बायकांनी नकळत जे केलं, तेच आता कागदावर आलं होतं.

ही व्यवस्था आदर्श आहे असं मुळीच नाही. उशीर दिसू लागलेली आणि निदान झालेली मुलं कायद्यात येतात. पण ज्यांना नुसता ‘धोका’ आहे, त्यांना घ्यायचं की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडलेलं. बहुतेक राज्यं खर्चाच्या भीतीने त्यांना घेत नाहीत. काळ्या कुटुंबांतली मुलं गरज असूनही या सेवांपर्यंत कमी पोहोचतात, असं तिथल्याच अभ्यासांतून दिसलं आहे. तरीही दर वर्षी चार लाखांहून अधिक बाळांना मदत मिळते. ती न मिळालेली आई निदान तक्रार करू शकते, कारण ४५ दिवस कायद्यात लिहिलेले आहेत.

आता आपल्याकडे वळू. तिकडचा कायदा झाला त्याच १९७५ साली, २ ऑक्टोबरला, आपण ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली. अंगणवाडी त्यातूनच आली. भर पोषणावर होता आणि भुकेच्या देशात ते बरोबरच होतं. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात आणखी एक गोष्ट आली. ‘धोक्यातली’ मुलं ओळखण्यासाठी प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तरी तपासणी. २०१६ च्या कायद्यातही ती आहे. म्हणजे जे अमेरिकेने राज्यांच्या मर्जीवर सोडलं, ते आपण सगळ्या मुलांसाठी लिहून मोकळे झालो. तिकडे घट्ट वचन थोड्यांना, इकडे सैल वचन सगळ्यांना.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातला विलंब, अशा ३० बाबींची तपासणी. आशाताई नवजात बाळ घरी जाऊन बघणार, डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणार, पुढचे उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. आराखडा चांगला आहे. या कामात जीव ओतणारी माणसंही मी पाहिली आहेत.

पण साधी अडचण बघा. तीन वर्षांच्या आतलं मूल रोज अंगणवाडीत बसत नाही. त्याचा आहार पाकिटातून घरी जातो. पथक येतं त्या दिवशी त्याची आई धुणंभांड्याला, विडीच्या पट्टीला किंवा शेतावर गेलेली असते. भाड्याच्या खोलीत राहणारं, ऊसतोडीला जाणारं कुटुंब तर यादीतच नसतं. आणि नाव आलंच, तर जिल्ह्याच्या गावी दर आठवड्याला जायचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार? किती दिवसांत काय व्हायला हवं, हे त्या आईला कुणी लिहून दिलेलं नाही.

सबर ही मोठी गोष्ट आहे, आमच्या घरांत ती लहानपणापासून शिकवली जाते. दुःख सोसताना ती आधार देते. पण बाळाचा मेंदू सबर करत नाही. म्हणून एवढंच करा. शेजारच्या बाळाबद्दल शंका आली तर ‘होईल हळूहळू’ म्हणण्याआधी आशाताईला हाक मारा, कानाची तपासणी मागा, कागद मागा, तारीख मागा. खालाचा तो नातू आता हातवाऱ्यांनी छान बोलतो, त्याची अम्मीही शिकली आहे. ती मला एकदाच म्हणाली, “किसी ने पहले बोल्या होता तो...” तिचं वाक्य तिथेच थांबलं.