पी-००१०: एका कोडमागचा इतिहास

आजचा भाग एका कोडबद्दल आहे, पी-००१०. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर हा कोड दाखवतो आणि बऱ्याच गॅरेजमध्ये लगेच ठरतं, "व्हीव्हीटीचा सोलेनॉइड गेला, बदला." माझं म्हणणं असं, की हा कोड आला कुठून हे कळलं तर निम्मं निदान तिथंच होतं.

आधी, व्हीव्हीटी मुळात कशाला? इंजिनाचे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट उघडतो. कधी उघडायचे, ही वेळ पूर्वी कारखान्यातच कायमची ठरायची. पण कमी आरपीएमला एक वेळ मानवते, जास्तीला दुसरी. म्हणजे कायमची तडजोड. ती मोडली इटलीच्या अल्फा रोमिओने. जाम्पाओलो गार्चेआ या इंजिनिअरने १९७० च्या दशकात तयार केलेली यंत्रणा १९८० च्या स्पायडरमध्ये आली. गंमत बघा, ती यांत्रिक होती. सर्किटच नाही, तर सर्किटचा बिघाड कुठला! १९८३ पासून अल्फाने ती इलेक्ट्रॉनिक केली. मग १९८९ मध्ये होंडाचं व्हीटेक आलं, १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूचं व्हॅनोस. पद्धती वेगवेगळ्या, पण विभागणी एकच: हुकूम विजेचा, ताकद तेलाच्या दाबाची.

दुसरा धागा कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळून तिथल्या सरकारने गाड्यांना स्वतःचीच तपासणी करायला लावलं. पुढे १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या नव्या कार्सना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ कार्सना ते २०१३ पासून लागलं. म्हणजे हे कोड जन्मले धूर पकडायला. कुठला पार्ट बदला, हे सांगणं त्यांचं काम कधीच नव्हतं.

आता ही विभागणी कोडमध्येच दिसते. पी-००१० म्हणजे विजेची तक्रार: ईसीयूने करंट पाठवला, पण सर्किट तुटलंय किंवा शॉर्ट आहे. पी-००११ म्हणजे कॅम हवा त्यापेक्षा पुढे राहिला. तिथे घाण तेल, चुकीचा ग्रेड, अडकलेला व्हॉल्व्ह, ताणलेली चेन असले संशयित येतात. म्हणून पी-००१० वर नुसतं ऑइल बदलून फारसं काही होत नाही.

क्रम साधा आहे. कनेक्टर काढा, आत तेल, गंज, वाकलेली पिन दिसते का बघा. मग मल्टीमीटरने सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजा. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांत थंड असताना तो ७ ओहमच्या आसपास येतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तो बरोबर असेल तर सोलेनॉइडची कॉइल निर्दोष आहे, मग वायरिंग ईसीयूपर्यंत तपासा. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.

तेव्हा मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: "दादा, रेझिस्टन्स किती आला?" उत्तरात आकडा नसेल, तर पार्टचे पैसे देण्याआधी जरा थांबा. भेटूया पुढच्या भागात.