पुणतांब्याचे सी. रामचंद्र

🧵 १/ कोपरगावाजवळ गोदाकाठी पुणतांबे हे चांगदेवांच्या समाधीचे गाव आहे. १२ जानेवारी १९१८ रोजी तेथे रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. हिंदी चित्रसृष्टी त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखते.

२/ विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शास्त्रीय गायन शिकले. चित्रपटात मात्र नट म्हणून आले. ‘नागानंद’चे नायकपद फळले नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ करता करता चित्रपटसंगीताची विद्या त्यांनी स्वतःच मिळवली.

३/ बेनी गुडमनच्या स्विंगची त्यांना ओढ होती. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांतून ती प्रकटली. या कामी मोलाची साथ होती गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच अँतोनियो झेवियर वाझ यांची.

४/ तरीही त्यांना केवळ पाश्चात्त्य ठेक्यांचे संगीतकार ठरवणे अन्यायाचे आहे. ‘अनारकली’त (१९५३) भीमपलासही तितकाच सहज उमटतो.

५/ २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी चीन युद्धातील हुतात्म्यांचे गीत गायिले. शब्द प्रदीपांचे, चाल रामचंद्रांची. ५ जानेवारी १९८२ रोजी ते निवर्तले. ते गीत आजही दर राष्ट्रीय सणाला वाजते. चाल कोणाची, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.