कळंबचा तहसीलदार, बार्शीचा मामलेदार

कळंब तालुक्यातली कुठलीही लग्नपत्रिका घ्या. तळाशी पत्ता असतो: मु. पो. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, शब्द मूळचा अरबी. ‘पो.’ म्हणजे पोस्ट, इंग्रजी. तालुका आणि जिल्हा हे दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. पत्रिका छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सगळं मराठीच वाटतं, आणि ते तसं आहेही. पण हे शब्द इथे नुसते गप्पा मारता मारता आले नाहीत. बरेचसे कचेरीतून आले. कचेरीत जाणाऱ्याला ते शिकावे लागले.

वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं एकमेकांशी कशी बोलतात, याचा आता अभ्यासक्रम असतो. आयटी कंपन्यांत त्याचं ट्रेनिंग देतात. कळंबमध्ये हाच विषय काही पिढ्या रोज चालत होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

१९४८ पर्यंत कळंब निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. इथून तासाभराच्या रस्त्यावरची बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. दोन्हीकडे मराठी, दोन्हीकडे तीच ज्वारी, सोयरिकीही इकडून तिकडे. पण बार्शीत तालुक्याचा साहेब मामलेदार, कळंबला तहसीलदार. सोलापुरात जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर, तर इकडे अव्वल तालुकदार. (नावात तालुका आणि ताब्यात जिल्हा. उत्तरेत अवधमध्ये ‘तालुकदार’ म्हणजे तर चक्क मोठा जमीनदार. एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी ऐकू येतो.) नाणंही वेगळं. निजामाचा रुपया ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’. सात हाली म्हणजे सहा कलदार. बार्शीच्या बाजारात माल विकून परतणाऱ्याला हा हिशोब तोंडपाठ ठेवावा लागे, आणि राज्याच्या सीमेवर करोडगिरी म्हणजे जकात भरावी लागे ती वेगळीच.

वर्षसुद्धा वेगळं. हैदराबाद राज्याचा कारभार फसली सनावर चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं इराणी: आजूर, बहमन, खुर्दाद, तीर, मेहेर, आबान. म्हणजे कळंबच्या शेतकऱ्याच्या डोक्यात आषाढ-श्रावण आणि त्याच्या सरकारी कागदावर खुर्दाद-तीर.

राज्यात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलणारे, त्याखालोखाल मराठी. मराठी बोलणारे साधारण एक चतुर्थांश. मग कन्नड. उर्दू मातृभाषा असणारे दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. पण कारभार आधी फारसीत चालत होता आणि १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पटवारी मराठीतून, मोडी लिपीत लिहायचा. कागद तहसिलीत वर चढला की तो उर्दू व्हायचा.

त्या चढणीचा जरा विचार करा. शेतकरी बोलतो आपल्या बोलीत. पटवारी ते मोडीत उतरवतो. तहसिलीतला कारकून त्याचं उर्दू करतो. मग हुकूम येतो तो याच जिन्याने उलटा, खाली. ज्याच्या जमिनीबद्दल हे सगळं चाललंय त्याला मधलं काहीच वाचता येत नाही. तो अंगठा उठवतो. आपल्या दोन वाक्यांचं वर गेल्यावर काय झालं, हे तपासायचं त्याच्याकडे साधन नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याची चांदी! पटवारी, वकील, अर्जनवीस यांची गावातली पत निम्मी तरी या जिन्यावर उभी होती, असं मला वाटतं.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचं नाव घेतात. १९५०च्या दशकात तो परदेशी जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना शिकवत होता. ‘द सायलेंट लँग्वेज’ हे त्याचं पुस्तक १९५९चं. त्याचं म्हणणं असं की बोलण्यातला मोठा भाग शब्दांच्या बाहेर असतो: वेळ, अंतर, मान, गप्प बसणं. काही समाजांत सगळं स्पष्ट बोलावं लागतं, काहींत संदर्भावरून समजून घ्यायचं असतं. आपल्याकडे पाटील ‘बघू’ म्हणाले की काम होणार नाही हे कळतं, ते हेच. हॉलचं निरीक्षण पटतं. पण त्याचे विद्यार्थी एका बलाढ्य देशाचे अधिकारी होते. शिकले तर उत्तम, नाही शिकले तर गैरसमज होईल, फार तर एखादा करार फिसकटेल. कळंबचा शेतकरी नाही शिकला तर जमीन जाऊ शकत होती. म्हणून ‘दोघांना एकमेकांचं कळतं का’ याच्या आधी, दोघांपैकी कोणाला शिकावंच लागतं हे विचारायला हवं.

मराठवाड्याकडे याचं फार जुनं आणि वेगळं उदाहरण आहे. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात तुर्क बोलतो दखनी हिंदीत आणि हिंदू बोलतो मराठीत. कोणीही आपली भाषा सोडत नाही, दुभाष्या नाही, तरी दोघांना सगळं समजतं. आणि गोडगोड काही नाही! एकमेकांच्या देवाधर्माची भरपूर उणीदुणी काढून होतात. भांडण संपल्यावर मग गळाभेट. याच एकनाथांनी देवाकडची फिर्याद सरकारी अर्जाच्या थाटात, ‘अर्जदस्त’ म्हणून, फारसी शब्द पेरून लिहिली. म्हणजे कचेरीची भाषा ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती, तिची गंमत करता येण्याइतकी. पण भारुडातला तुर्क आणि हिंदू समोरासमोर उभे आहेत, जवळपास एका पायरीवर. तहसिलीत पायऱ्या होत्या.

शाळेत त्या पायऱ्या लहानपणीच दिसायच्या. प्राथमिक वर्ग मराठीतून झाले तरी वर जायचं तर उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि त्याचं माध्यम उर्दू ठेवलं. पुस्तकं हवीत म्हणून भाषांतराचं स्वतंत्र खातं, दारुल तर्जुमा, उघडलं. विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं देशी भाषेत शिकवायचं हे धाडस त्या काळात मोठं होतं. मुंबई-पुण्याची कॉलेजं इंग्रजीतच होती. पण तेलुगू, मराठी, कन्नड मुलांसाठी ती ‘देशी’ भाषाही शिकायचीच दुसरी भाषा होती. मला या विद्यापीठाचं कौतुकही वाटतं आणि त्याचा जाचही समजतो. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून इथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतलं. त्याच्या आधीच आपल्या जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली होती. तिथे आणि मग अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. ते स्वतः कन्नड मुलखातून आलेले.

पुढे रझाकारांचे अत्याचार, १९४८ची पोलीस कारवाई, १७ सप्टेंबर. हे शाळेत शिकवतात. कमी सांगितलं जातं ते त्यानंतरचं. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मुसलमानांविरुद्धच्या हिंसेचा सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हाही मोजला. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मारणारे आणि मरणारे एकमेकांची भाषा जाणत होते. भाषा समजली की दुरावा मिटतो असं ट्रेनिंगवाले सांगतात, तेव्हा मला हा जिल्हा आठवतो.

मग जिना उलटला. मुंबई, मद्रासकडून नवे अधिकारी आले, कारभाराची भाषा बदलली, आणि उर्दूत शिकून मोठी झालेली एक आख्खी पिढी, मुसलमान आणि हिंदूही, एकाएकी अडाण्यांच्या रांगेत उभी राहिली.

या सगळ्यात एक माणूस मला वेगळा वाटतो. सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, निलंगा. हैदराबाद राज्याच्या नोकरीत चढले, म्हणजे सत्तेची उर्दू-फारसी आलीच. त्या बळावर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणली, गालिब मराठीत आणला. पण नोकरीत असताना ते गोंडी आणि कोलामीही शिकले आणि त्यांची व्याकरणं लिहिली. साहेबाने खालच्या पायरीवरच्या माणसाची भाषा शिकावी, अशी सक्ती त्यांच्यावर कोणीच केली नव्हती.

जुने कागद अजून जिवंत आहेत. कळंब परिसरातल्या जमिनीच्या जुन्या वादात आजही ‘मुंतखब’, ‘सेतवार’, ‘खासरा’ हे शब्द येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली. त्यांतली बरीचशी मोडीत आणि उर्दूत. वाचणारे शोधावे लागले. ज्यांच्या घरात ते अक्षर तीन पिढ्यांपूर्वी कोणालाच येत नव्हतं, त्यांचे नातू आता त्याच अक्षरातल्या एका शब्दासाठी रांगेत होते. कोण्या गावच्या पणजोबाला कोणीतरी जात विचारली, त्यांनी काहीतरी सांगितलं, कारकुनाला जे समजलं ते त्याने रकान्यात लिहिलं, आणि शेजारी फसली सन टाकला.